'काळाभोर' : एका विशेषणाचा पक्षपात

कन्नड कवितेत 'कार्मुगिलु' हा शब्द आला की मराठी अनुवादकाची लेखणी क्षणभर अडते. शब्द अवघड नाही. 'मुगिलु' म्हणजे ढग आणि 'कार्' म्हणजे काळा. दोहोंचा हा समास. शाळकरी मुलालाही त्याचा अर्थ सांगता येईल. परंतु मराठीत नुसते 'काळा ढग' असे लिहिले तर काहीतरी उणे राहते, कारण 'कार्' मधला काळा हा गडद, भरून आलेला, ओथंबलेला काळा आहे. ती गडदता दाखवण्यासाठी मराठीच्या रीतीप्रमाणे 'काळा' या शब्दाला एखादे शेपूट जोडावे म्हटले, तर लगेच प्रश्न उभा राहतो : काळाभोर की काळाकुट्ट? सकृद्दर्शनी दोन्ही शब्द गडद काळ्याचेच वाचक आहेत. पण ज्येष्ठ सरत आला असता, पेरणी खोळंबली असता क्षितिजावर दिसलेल्या ढगाला शेतकरी काळाभोर म्हणतो. आणि तसाच ढग सुगीच्या दिवसांत, खळ्यावर धान्य उघडे पडले असताना आला, तर तो काळाकुट्ट होतो. रंग एक, पाणीही एक. बदललेले असते ते पाहणाऱ्याचे मन. कन्नड कवीने त्या एका शब्दात आपले मन सांगितलेले नसते. 'कार्मुगिलु' दोन्ही दिवशी 'कार्मुगिलु'च असतो. मराठी अनुवादकाची मात्र ते सांगितल्यावाचून सुटका होत नाही.

या अडचणीचे मूळ मराठीच्या एका मोठ्या मनोहर वैशिष्ट्यात आहे. रंगवाचक विशेषणाच्या मागे एक अंश जोडून त्या रंगाचा उत्कर्ष दाखवण्याची रीत मराठीत आहे : हिरवागार, पिवळाधमक, निळाशार, लालबुंद, लालचुटुक, पांढराशुभ्र, पांढराफटक. व्याकरण यांना अतिशयत्वदर्शक म्हणून मोकळे होते. वस्तुतः ते अतिशयत्व फार थोडे दाखवतात. लालबुंद हा लालचुटुकपेक्षा अधिक लाल असतो काय? तसे कोणी म्हणणार नाही. लालबुंद होतो तो रागावलेला चेहरा, आणि लालचुटुक असतात ते ओठ. धुतलेले धोतर पांढरेशुभ्र, भ्यालेल्या माणसाचा चेहरा पांढराफटक. हे अंश रंगाचे प्रमाण न सांगता त्या रंगाकडे कोणत्या वृत्तीने पाहावे ते सांगतात. विशेषणाच्या पोटात आणखी एक विशेषण दडलेले असते आणि ते रंगाचे नसून मनाचे असते.

काळ्याच्या वाट्याला तर ही शेपटे उदंड आली आहेत. काळाभोर, काळाकुट्ट, काळाकभिन्न, काळाकुळकुळीत, काळाठिक्कर, काळामिट्ट. बोलणारा माणूस यांतून निवड करताना क्षणभरही थांबत नाही, इतके त्यांचे वतन ठरून गेलेले आहे. डोळे आणि केस काळेभोर. जांभूळ, द्राक्ष, उमदा घोडा, पहिल्या पावसाने भिजलेली जमीन, ही सर्व काळीभोर. अंधार आणि धूर काळेकुट्ट. कातळ काळाकभिन्न. रेड्याचे अंग काळेकुळकुळीत, कारण तिथे उन्हाची चकाकी आहे. आणि आजाराने किंवा भयाने ज्याचा वर्ण कोळपला त्याचा चेहरा काळाठिक्कर पडतो. 'पडतो' हे क्रियापदही त्या शब्दाने आपल्याबरोबर आणलेले आहे. यांची अदलाबदल करून पाहावी. 'काळाभोर धूर' म्हणताच धूर हवाहवासा वाटू लागतो, आणि 'काळेकुट्ट डोळे' म्हणताच त्या डोळ्यांचा धाक बसतो.

'भोर' हा अंश सुटा करून त्याचा अर्थ विचारला तर आजच्या मराठी माणसाला तो सांगता येत नाही. हिंदीत भोर म्हणजे पहाट; पण 'काळेभोर' म्हणताना कोणाच्या मनात पहाट उगवत नाही, किंवा पुणे जिल्ह्यातले संस्थानी गावही येत नाही. अर्थ पुसला गेला आणि आशीर्वाद तेवढा उरला. त्यात ध्वनीचाही काही भाग असावा. 'भोर' मध्ये ओठ उघडतात, स्वर लांबतो आणि 'र' त्याला हळूच सोडून देतो. 'कुट्ट' मध्ये तोंड मिटते. गच्च, घट्ट, मिट्ट, कुट्ट हे मराठीतले दाटपणाचे शब्द द्वित्त व्यंजनाने दार लावून घेतात. आत कोंडल्याची जाणीव त्यांच्या उच्चारातच आहे. व्याकरणाची एक गंमतही येथे नोंदवण्यासारखी आहे. काळाभोर, काळीभोर, काळेभोर असे आतले विशेषण लिंगवचनाप्रमाणे बदलते, पण शेवटचा अंश जागचा हलत नाही. वस्तू कोणतीही असो, तिच्याविषयीचा निवाडा आधीच ठरलेला.

हा प्रश्न बेंगळुरूत बसून पाहिला तर अधिक स्पष्ट होतो, कारण तेथे या दोन भाषा एकमेकींच्या अंगणात आहेत. तो शेजार जुना आहे. १६३८ मध्ये बेंगळुरू आदिलशाहीकडे आले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. त्यांच्या आश्रयाला असलेल्या जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू'त अनेक भाषांतील कवने आहेत. वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये तो ग्रंथ विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला, तेव्हा इतिहासाच्या अभ्यासकांनी तो उचलला. भाषांच्या शेजाराचा पुरावा म्हणून त्याच्याकडे तितके लक्ष गेले नाही. असो. आज साहित्य अकादेमीचे दक्षिण विभागाचे कार्यालय याच नगरात आहे, आणि दोन भाषांच्या वेशीवर काम करणाऱ्या अनुवादकाला येथे पावसाळ्याच्या तोंडावर 'कार्' हा अंश वर्तमानपत्राच्या मथळ्यातूनही भेटतो. हवामानाच्या बातमीत 'कार्मोड' जमतात, आणि कुठे युद्धाची चिन्हे दिसू लागली तर युद्धाचेही 'कार्मोड' जमतात.

कन्नडमध्ये काळ्यासाठी रोजचा शब्द 'कप्पु'. समासात 'करि' येतो : मंगळसूत्राचे काळे मणी म्हणजे 'करिमणि'. गडद काळा म्हणायचे तर 'कडुगप्पु'. येथे 'कडु' म्हणजे तीव्र, आणि त्याला रंगाशी काही कर्तव्य नाही. 'कार्' हा या सर्वांहून जुन्या आणि काव्याच्या वळणाचा. तो सुटा फारसा वावरत नाही. नामाच्या पुढे उभा राहतो. कार्मुगिलु, कार्गत्तलु, कारिरुळु, कार्गल्लु : काळा ढग, गडद अंधार, काळी रात्र, काळा पाषाण. मूळ शब्द 'कत्तलु', पण 'कार्' जवळ येताच त्याचा क मऊ होऊन ग होतो. मराठीत काळ्याच्या मागे येणारा अंश ताठ राहतो. कन्नडमध्ये काळ्याच्या स्पर्शाने नामच वाकते. फर्डिनंड किटेल याच्या १८९४ च्या कन्नड कोशात 'कार्'चे अर्थ काळेपणा आणि पावसाळा असे शेजारी शेजारी आहेत. या कोशकाराचा पुतळा बेंगळुरूच्या भर रस्त्यात उभा आहे, हा मान किती कोशकारांना मिळतो? बरो आणि एमेनो यांच्या १९६१ च्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात तमिळ 'कार्'ही याच कुळात आहे, आणि तेथेही काळा, मेघ व वर्षाकाल हे अर्थ एकत्र नांदतात. 'कार्गाल' म्हणजे पावसाळा. तेव्हा 'कार्' हा एकाच वेळी रंग आहे, ऋतू आहे आणि पाणी आहे. पाऊस हवासा असतो, नकोसाही असतो. 'कार्' दोहोंच्या आधीचा आहे.

मराठीचा काळा मात्र जमिनीतून आलेला आहे. 'काळी' हे विशेषणाचे नाम झाले आणि त्याचा अर्थ शेतजमीन झाला. गावाची वस्ती ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी, ही जोडी जुन्या गावगाड्यात सर्वपरिचित होती. कन्नडमध्ये अशा जमिनीला 'एरे' हा निराळाच शब्द आहे, आणि बेंगळुरूच्या भोवतालची माती तर तांबडी आहे. ज्याची आई काळी त्याने काळ्याला 'भोर' म्हणून गोंजारावे, यात नवल नाही. या प्रेमाची दुसरी खूण स्त्रियांच्या ओवीत आहे. काळी चंद्रकळा हे जात्यावरच्या गाण्यातले लाडके वस्त्र. एरवी शुभकार्याला वर्ज्य असलेला रंग संक्रांतीला मिरवतो. आणि गळ्यातले मणी? त्यांना मराठीत काळे मणी एवढेच म्हणतात. काळेभोर मणी असे कोणी म्हणत नाही. सर्वांत मंगल काळ्याला मराठी बाईने कोणतेही शेपूट लावले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

शेपूट टाळायचे ठरवले तर अनुवादकापुढे पहिला मार्ग येतो तो संस्कृताचा, आणि बहुतेक अनुवादक तो घेतात. 'कार्मुगिलु'चे कृष्णमेघ होतात, श्यामल घन होतात. अमरकोशात या रंगाच्या नावांत कृष्ण, श्याम, श्यामल, असित, नील, मेचक हे सर्व एकत्र दिलेले आहेत. तेथे निळा आणि काळा यांत भेद केलेला नाही. मराठी 'घननीळ' त्याच घरातला. यांतला 'मेचक' हा खरोखर गडद काळ्याचा सुंदर शब्द, मोराच्या पिसाऱ्यावरच्या डोळ्याशी नाते सांगणारा. मराठी कवितेने त्याला जवळ केले नाही. गंमत अशी की बेंगळुरूच्या गायनसभांत तो नकळत ऐकू येतो. कर्नाटक संगीतातील पासष्टावा मेळ 'मेचकल्याणी' होय. अर्थात तेथे 'मेच' ही अक्षरे रंगासाठी आलेली नाहीत. कटपयादी संकेताप्रमाणे म म्हणजे ५, च म्हणजे ६, आणि अंक उलट वाचून ६५, एवढ्यासाठी ती कल्याणीच्या आधी बसवली आहेत. एका अनुपम शब्दावर हिशेबनीस होण्याची वेळ आली.

संस्कृताच्या मार्गात अडचण ही की कृष्ण आणि श्याम हे शब्द मराठीत रंगाचे राहिलेलेच नाहीत. त्यांच्यामागून मुरली येते, यमुना येते. कन्नड कवीच्या ढगात देव नव्हता. मराठीत तो येऊन बसतो. 'सावळा' हा तर श्यामलाचाच घरगुती वंशज. कुवेंपूंच्या 'मलेगळल्लि मदुमगळु' (१९६७) सारखी पावसात आणि अरण्यात भिजलेली कादंबरी मराठीत आणू पाहणाऱ्याने प्रत्येक गडद काळ्याला श्यामल केले, तर मलेनाडूचे रान वृंदावन होऊन बसेल. दुसरा मार्ग 'गडद काळा' असे सरळ म्हणण्याचा. गद्यात तो पुष्कळदा उपयोगी पडतो. पण 'गडद' हा रंगाऱ्याचा आणि कापडाच्या दुकानातला शब्द आहे. गडद काळा ढग म्हटले की तो कोणीतरी रंगवलेला ढग वाटतो. 'काळामिट्ट'ची गोष्ट निराळी. तो बव्हंशी काळोखापुरताच राहिला, आणि काळोखाविषयी त्याची तक्रार नसते, त्यात दिसत नाही एवढेच तो सांगतो. 'कार्गत्तलु'साठी 'मिट्ट काळोख' हा जवळजवळ निर्दोष पर्याय आहे. परंतु मिट्ट ढग होत नाही.

मग मराठी कवींनी स्वतःच्या कवितेत गडद काळा कसा साधला? याचा शोध घेतला तर दिसते ते असे, की जिथे काळेपणाच कवितेचा प्राण आहे तिथे थोर कवींनी या शेपटांकडे पाठ फिरवलेली आहे. विष्णुदास नाम्याच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या गौळणीत एकच 'काळा' वस्तूमागून वस्तूला लागत जातो. विशेषण वाढत नाही, त्याला भोर नाही, कुट्ट नाही. ते फक्त पुन्हा येते. प्रत्येक आवर्तनाबरोबर आधीच्या सर्व वस्तूंचा काळेपणा पुढच्या वस्तूत उतरतो आणि शेवटी भोवतालचे सारे आणि तो एक यांत अंतर राहत नाही. खोली शब्दात नाही, रचनेत आहे. 'भोर' लावला असता तर ती गौळण गोड झाली असती आणि तेवढीच राहिली असती.

दुसरे उदाहरण बालकवींचे. 'औदुंबर' ही आठ ओळींची कविता मराठी समीक्षेने इतक्यांदा उकलली आहे की तिच्याविषयी पुन्हा बोलण्याचा संकोच वाटावा. पण या प्रश्नापुरते एक पाहण्यासारखे आहे. पाण्यावर पसरणाऱ्या छायेसाठी कवीने 'काळिमा' हे नाम योजले. मराठीत काळिमा कुळाला लागतो, तोंडाला फासला जातो. या बदनाम शब्दाच्या आधी बालकवींनी 'गोड' हे विशेषण ठेवले. 'भोर'नेही गोडवाच आला असता, असे कोणी म्हणेल. फरक असा की 'भोर' आपला निवाडा रंगाच्या पोटात लपवून आणतो आणि वाचकाला तो वस्तूचाच गुण वाटतो. 'गोड' हा निवाडा कवीने उघडपणे, स्वतःच्या जबाबदारीवर दिलेला आहे. वाचक दचकतो, काळिम्याकडे पुन्हा पाहतो आणि मग मान्य करतो किंवा करत नाही. त्याच कवितेतल्या झऱ्याला 'निळासावळा' हे विशेषण आहे, आणि धारवाडला राहून मराठीत लिहिणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांच्या १९५९ च्या पहिल्या संग्रहाचे नावही तेच. जी. एं.च्या त्या कथांत निळासावळा हा झऱ्याचा रंग राहिलेला नाही, हे सांगायला नको.

संतांना तर काळ्याची भीती कधीच वाटली नाही. विठ्ठलाला त्यांनी सावळा म्हटले तसे बेधडक काळाही म्हटले. ज्ञानदेवांच्या अभंगातले 'कानडा' हे विशेषण कर्नाटकाचा की अगम्य, हा वाद रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) नंतर बराच निवळला आहे, पण या दैवताच्या वर्णाविषयी एक विचार राहून जातो. कन्नड शैव भक्तीत अक्कमहादेवीचा चेन्नमल्लिकार्जुन हा ए. के. रामानुजन यांच्या इंग्रजी अनुवादात मल्लिकेसारखा शुभ्र झाला, कारण अर्जुन म्हणजे पांढरा. आणि मराठी संतांनी ज्याला कानडा म्हटले तो काळा. पुरंदरदासांपासूनचे हरिदास त्याच विठ्ठलाला कन्नडमध्ये आळवतात. दोन्ही भाषांत काळ्या पाषाणाचा देव उघड्या विशेषणाने भक्तांपुढे उभा राहिला. त्याला 'सावळा' या एकाच शब्दात कोंडले ते अलीकडच्या भावगीतांनी. त्यामागे भक्ती किती आणि काळा म्हणण्याचा संकोच किती, हे तपासले पाहिजे.

संकोचाचा उल्लेख झाला. येथपर्यंत ढग आणि देव यांचा विचार चालला होता, परंतु या विशेषणांची खरी परीक्षा माणसाच्या अंगावर होते. मराठी कथाकादंबरीचे जुने ढीग चाळले तर एक विभागणी वारंवार आढळते. 'भोर' हा अंश नायिकेच्या डोळ्यांना आणि केसांना मिळतो. तिच्या कातडीला कधीच मिळत नाही. तिचा वर्ण काळा असलाच तर तो 'सावळा' असतो, आणि त्यापुढे 'पण' येते : सावळी पण तरतरीत. लग्नाच्या जाहिरातींनी तोच 'सावळा' उचलला. उलट दरोडेखोर, पहारेकरी, घण मारणारा, गावकुसाबाहेरून दारात आलेला माणूस, हा काळाकभिन्न. एकाच पानावर एकाच रंगाची ही दोन गोत्रे भेटतात आणि लेखकाला त्यात काही विशेष केल्याची जाणीवही नसते, कारण निवड त्याने केलेलीच नसते. ती भाषेने त्याच्या आधी केलेली असते. काळाकभिन्न हा शब्द कातळासाठी निर्दोष आहे. माणसाला लावला की त्या माणसाचा कातळ होतो : अजस्र, अचेतन, वाटेत आलेला.

बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ चा. या लेखनाने मराठी शब्दसंग्रहात काय आणले याची चर्चा पुष्कळ झाली. त्याने कोणते शब्द वापरणे अवघड करून ठेवले, याची कमी झाली. या पुस्तकांनंतर 'काळाकभिन्न माणूस' हे दोन शब्द सहजतेने लिहिणे शक्य राहिले नाही, निदान राहू नये. पण अनुवादात ते मागच्या दाराने परत येतात. कन्नडमध्ये एखाद्या अंगाचे वर्णन 'एण्णेगप्पु' असे येते. एण्णे म्हणजे तेल. तेलासारखी झाक असलेला काळा. त्यात कुत्सितपणा नाही, दयाही नाही. निरोगी कातडीचे ते वर्णन आहे. त्याचे 'काळाकुळकुळीत' केले तर रेडा डोळ्यांपुढे येतो, 'सावळा' केले तर तेल जाते आणि रंगही अर्धा उतरतो. 'तुकतुकीत काळा' असा शब्द मराठीतच आहे आणि तो जवळजवळ नेमका आहे. सोपा पर्याय हाताशी असता अनुवादक त्याच्याकडे वळत नाही, कारण त्यात 'काळा' हा शब्द उघडा राहतो.

सिद्धलिंगय्या (१९५४–२०२१) हे बेंगळुरूच्या श्रीरामपुरातील झोपडवस्तीत वाढलेले कवी. 'होलेमादिगर हाडु' (१९७५) या त्यांच्या पहिल्या संग्रहाने कन्नड दलित कवितेला आवाज दिला. त्यांच्या 'नन्न जनगळु' या कवितेत माणसे विशेषणांनी ओळखली जात नाहीत. त्यांनी काय उचलले, काय सोसले, यांवरून ओळखली जातात. जवळजवळ सारी कविता धातुसाधितांवर उभी आहे. असे लेखन मराठीत आणताना चित्र भरून काढण्यासाठी रंगाचे विशेषण घालण्याचा मोह होतो, आणि घातले की त्याच्यामागे शेपूटही येते. कवीने जे नाकारले ते अनुवादक अलंकार म्हणून परत करतो.

याच्या उलट टोकाचा प्रकार 'कृष्णवर्णीय' या शब्दाचा. अमेरिकेतील ज्या लोकांनी १९६० नंतरच्या दशकात, मिळमिळीत पर्याय बाजूला सारून, 'काळे' हेच नाव अभिमानाने पुढे केले, ज्यांच्या १९६६ च्या ब्लॅक पँथर संघटनेवरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले, त्यांना मराठी वृत्तपत्रे आणि अनुवाद आजही कृष्णवर्णीय म्हणतात. हेतू सभ्यपणाचा आहे. पण ज्याने मुद्दाम 'काळा' म्हटले त्याचे म्हणणे सुधारून देणे हा कसला सभ्यपणा? लँग्स्टन ह्यूजच्या 'द वेअरी ब्लूज' (१९२६) या पहिल्या संग्रहाच्या आरंभीच्या कवितेत बोलणारा आपल्या काळेपणाला रात्रीची उपमा देतो. तेथे मराठीत 'काळाभोर' लिहिले तर ती खुशामत होते, 'काळाकुट्ट' लिहिले तर शिवी होते, आणि 'कृष्णवर्णीय' लिहिले तर कवितेचा शिरगणतीचा तक्ता होतो. 'काळा' एवढेच लिहावे लागते. ते ऐकायला उघडे वाटते खरे. तो उघडेपणा मुळातलाच आहे.

या विवेचनावर असा आक्षेप येईल की इतकी सावधगिरी बाळगली तर मराठीचे वैभवच हातचे जाईल. 'काळाभोर' टाकून द्यावा असे येथे कोणी म्हणत नाही. ज्या ठिकाणी मूळ लेखकाने खरोखर गोंजारले आहे तिथे त्याच्याइतका समर्थ शब्द मराठीत दुसरा नाही, आणि इंग्रजी अनुवादकाने त्याचा हेवा करावा. आईने मुलीच्या केसांवरून फिरवलेला हात कन्नड कथेत असेल आणि केस 'कडुगप्पु' असतील, तर 'काळेभोर' लिहिताना कचरण्याचे कारण नाही. तिथे निवाडा कथेतच आहे. प्रश्न आहे तो निवाडा नसलेल्या जागेचा. 'कार्मुगिलु' लांबून आला आहे, त्याच्याकडे अजून कोणी पाहिलेले नाही, तो बरसेल की नासाडी करील हे कवितेला अद्याप ठाऊक नाही. अशा जागी मराठीत विशेषण सोडून क्रियापदाकडे जावे लागते. ढग 'काळे होऊन आले', ढग 'काळवंडून आले', आभाळ 'काळे होत गेले'. गडदपणा तिथे काळातून येतो, शेपटातून नाही. 'काळवंडणे' हे क्रियापद थोडे उदास आहे हे मान्य केले पाहिजे. 'काळे होत गेले' यात मात्र कसलाच कल नाही, आणि त्यात 'कार्'मधला ऋतूही काहीसा येतो, कारण ऋतू म्हणजे होत जाणे.

राहता राहिला शेवटचा उपाय : 'कार्' हा शब्दच मराठीत ठेवणे. तो वाटतो तितका परका नाही. ज्येष्ठी पौर्णिमेला उत्तर कर्नाटकात 'कार हुण्णिमे' हा बैलांचा सण होतो, आणि सोलापूरकडच्या सीमाभागात मराठी शेतकरी त्याच दिवशी 'कारहुणवी' साजरी करतो. कोल्हापूर-सांगलीकडे तिलाच कर्नाटकी बेंदूर म्हणतात. कारहुणवी म्हणणाऱ्याला त्यातला 'कार' काळा आहे, पावसाळी आहे, हे ठाऊक असण्याची गरज पडत नाही. बैलाची शिंगे रंगवताना तो आभाळाकडे पाहतो, एवढे पुरते. त्या प्रदेशातला एखादा कवी उद्या 'कारढग' लिहील तर त्याच्या वाचकाला तो शब्द समजावून द्यावा लागणार नाही. पुण्याच्या वाचकाला मात्र त्यात मोटार ऐकू येईल.